लवलेली मान आणि दोषार्पण

२४ नोव्हेंबर १९९७ रोजी टोकियोमध्ये यामाइची सिक्युरिटीज ह्या रोख्यांचा व्यवहार करणाऱ्या पेढीने आपला कारभार बंद होत असल्याचे जाहीर केले. पेढी शंभर वर्षांची होती, जपानातील चार मोठ्या पेढ्यांत तिची गणना होई आणि सुमारे साडेसात हजार माणसांचा चरितार्थ तिच्यावर चालत असे. वार्ताहर परिषदेत अध्यक्ष शोहेई नोझावा उभे राहिले आणि सर्वांदेखत रडू लागले. दोष आम्हा चालकांचा आहे, कर्मचाऱ्यांचा काही अपराध नाही, त्यांना कोठे तरी पुन्हा काम मिळावे म्हणून आपण सर्वांनी साह्य करावे, अशा आशयाचे ते बोलले. ते दृश्य जगभर दाखवले गेले आणि जपानबाहेर पुष्कळांना ते चमत्कारिक वाटले. एवढा मोठा मनुष्य लहान मुलासारखा रडतो काय, असे काहींनी म्हटले, तर काहींनी हे सारे नाटक ठरवले.

हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे तो वेगळ्याच कारणासाठी. पेढीने बड्या ग्राहकांचा तोटा नामधारी कंपन्यांच्या वह्यांत लपवून ठेवला होता. ही रक्कम सुमारे २६० अब्ज येन इतकी होती आणि ही लपवाछपवी कित्येक वर्षे चाललेली होती. नोझावा अध्यक्ष झाले ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. ह्या गुप्त कर्जाची गोष्ट त्यांच्या कानावर घालण्यात आली ती पद स्वीकारल्यानंतर. ज्यांच्या कारकिर्दीत हे घडले ते त्यांच्या आधीचे अध्यक्ष व सभापती. त्या दोघांना पुढे १९९८ च्या मार्चमध्ये अटक झाली. म्हणजे ज्याने केले नव्हते त्याने क्षमा मागितली. ती क्षमायाचना खरी होती काय? जे आपण केले नाही त्याबद्दल मनुष्याला खऱ्या अर्थाने पश्चात्ताप करता येतो काय? आणि करता येत असेल, तर अश्रूंनी त्या पश्चात्तापाची परिपूर्ती होते काय?

जपानमध्ये कंपनीच्या हातून काही अपराध घडला की पुढे काय होते, ह्याला आता ठरावीक रूप आले आहे. काळ्या पोशाखातील अधिकारी एका रांगेत उभे राहतात, एकदम कमरेतून लवतात, काही क्षण तसेच राहतात आणि छायाचित्रकारांच्या दिव्यांचा लखलखाट होतो. २०१० मध्ये टोयोटाच्या गाड्यांत दोष आढळले तेव्हा अध्यक्ष पुरेसे लवले की नाही ह्याचीही चर्चा वर्तमानपत्रांतून झाली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोजवळील एका स्थानकातून त्सुकुबा एक्सप्रेस ही गाडी नियोजित वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली, म्हणून कंपनीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. आपल्याकडील रेल्वेने प्रवास करणाऱ्या वाचकाला ह्यावर हसू आवरणार नाही, पण असो.

ह्या प्रसंगी जे शब्द उच्चारले जातात ते भाषांतरकाराला थांबवून ठेवणारे आहेत. क्षमायाचनेला जपानी भाषेत 'शाझाइ' म्हणतात. ह्या शब्दातले दुसरे चित्राक्षर अपराधाचे. तेच अक्षर एकटे आले की 'त्सुमी' असे वाचतात, आणि जपानी पवित्र शास्त्रात पापासाठी हाच शब्द योजलेला आहे. पहिले अक्षर कृतज्ञतेच्या शब्दातही येते. औपचारिक क्षमा मागताना 'मोशिवाके गोझाइमासेन' असे म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ, माझ्यापाशी सांगण्यासारखी सबब नाही. ह्याहून प्रांजळ कबुली कोणती? परंतु कंपन्यांच्या तोंडी आणखी एक ठरीव वाक्य असते. त्यात 'सेकेन'ला उपद्रव दिल्याबद्दल क्षमा मागितलेली असते. सेकेन म्हणजे आपले 'चारचौघे'. लोक काय म्हणतील ह्या प्रश्नातले ते लोक. येथे मन जरा साशंक होते. ज्याचा हात मोडला त्याची क्षमा मागायची, की ज्यांनी गलका ऐकला त्यांची?

रूथ बेनेडिक्ट ह्या अमेरिकन विदुषीने १९४६ साली जपानविषयी ग्रंथ लिहिला. जपानी संस्कृती लाजेवर आधारलेली आणि पाश्चात्त्य संस्कृती अंतरीच्या दोषभावनेवर, अशी विभागणी त्यामुळे जगभर रूढ झाली. बाईंनी जपानमध्ये कधी पाऊल ठेवले नव्हते. युद्धकाळात कागदपत्रांवरून आणि अमेरिकेतील जपानी लोकांशी बोलून त्यांनी आपले निष्कर्ष काढले होते. आपल्या व्यासपीठांवरूनही ही विभागणी कधी कधी ऐकू येते, आणि तिला ख्रिस्ती शिक्कामोर्तब मिळते: लाज ही परराष्ट्रीयांची, दोषाची जाणीव ही शास्त्राची. मला हे मान्य करता येत नाही. जुन्या कराराचे भाषांतर करणाऱ्याला लाजेचे शब्द पानोपानी भेटतात. स्तोत्रकर्ता लज्जित न होण्यासाठी प्रार्थना करतो, संदेष्टे राष्ट्राच्या लाजेबद्दल बोलतात, आणि मराठीत हे सारे उतरवताना शब्दांची वाण पडत नाही. नाक कापले गेले, तोंडाला काळे लागले, मान खाली गेली, अब्रू गेली. आपली भाषा ह्या बाबतीत इब्री भाषेची सख्खी बहीण शोभावी. तेव्हा जपानी माणसाच्या लवलेल्या मानेकडे आपण वरून पाहू नये.

उलट, तिच्यात एक सत्य आहे. आजचा सुशिक्षित मनुष्य म्हणतो, ज्याचे त्याने पाहावे. मी केले नाही, मी कशाला वाकू? यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायाचा आधारही तो देईल, आणि जो पाप करील तोच मरेल हे तेथे सांगितलेले आहेच. परंतु तो अध्याय लिहिला गेला तो बापांवर खापर फोडून आपण निर्दोष राहू पाहणाऱ्यांसाठी. दुसरीकडे दानीएल पाहा. यरुशलेमेचा नाश झाला तेव्हा तो बाबेलात होता. त्याच्या आचरणात त्याच्या शत्रूंनाही दोष सापडला नव्हता. तरी नवव्या अध्यायातील त्याच्या प्रार्थनेत 'त्यांनी' नाही, 'आम्ही' आहे. आम्ही पाप केले, लाज आमच्या तोंडाची आहे. नहेम्याही तसाच प्रार्थना करतो. लेवीयाच्या चौथ्या अध्यायात तर संपूर्ण मंडळीच्या हातून नकळत पाप घडले तर काय करावे ह्याचा विधी दिला आहे: मंडळीच्या वडिलांनी गोऱ्ह्याच्या मस्तकावर हात ठेवावेत. सर्वांचे हात तेथे पोहोचू शकत नाहीत, म्हणून काहींनी सर्वांच्या वतीने ठेवायचे. अनेकांचे मिळून एक शरीर होते आणि त्या शरीराला पाप करता येते, हे शास्त्राला ठाऊक आहे.

१२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे विमान गुन्मा प्रांतातील डोंगरावर कोसळले. ५२० माणसे मृत्यू पावली, चौघे वाचले. विमानाच्या मागील भागातील दाबरोधक पडदा फाटला होता. सात वर्षांपूर्वी झालेली त्याची दुरुस्ती सदोष होती आणि ती विमान बांधणाऱ्या बोइंग कंपनीच्या माणसांनी केलेली होती. तरी अध्यक्ष यासुमोतो ताकागी ह्यांनी बोइंगकडे बोट दाखवून आपली मान ताठ ठेवली नाही. मृतांच्या नातेवाइकांपुढे ते लवले आणि त्याच वर्षी त्यांनी पद सोडले. माणसे आमच्या विमानात बसली होती, एवढे त्यांना पुरेसे होते. अपघातानंतर 'आमचे चुकले' हे दोन शब्द वकिलाला विचारल्याशिवाय उच्चारू नयेत असा दंडक जेथे आहे, तेथील नातेवाइकांना हे किती मोलाचे आहे ते विचारावे.

येथपर्यंत जपानची बाजू मी मनापासून मांडली. आता मिनामाताकडे वळले पाहिजे.

क्यूशू बेटावरील मिनामाता ह्या गावी चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. १९३२ पासून तेथे पाऱ्याच्या साह्याने ॲसिटाल्डिहाइड तयार होई, आणि पारा असलेले सांडपाणी समुद्रात सोडले जाई. पाऱ्याने मासे विषारी झाले, मासे खाणारी मांजरे वेडीवाकडी नाचत मेली, आणि मग कोळ्यांच्या घरांतून माणसांचे हातपाय वाकडे होऊ लागले, वाचा गेली, दृष्टी गेली. रोगाची अधिकृत नोंद १ मे १९५६ ची. ती केली कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा ह्यांनी. १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले. प्रयोगाच्या नोंदीत त्या मांजराचा क्रमांक ४०० आहे. त्याला तोच रोग झाला. कंपनीने हा निष्कर्ष दडपून ठेवला. आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला रुग्णांशी एक करार केला. मृताच्या घरच्यांना तीन लाख येन, प्रौढ रुग्णाला वर्षाला एक लाख. आणि पुढे कारखाना कारणीभूत ठरला तरी आणखी काही मागायचे नाही, अशी अट.

ह्या पैशाला नाव दिले होते 'मिमाइकिन'. मिमाइ म्हणजे आजाऱ्याच्या समाचाराला जाणे. समाचाराला जाताना सोबत नेतात ते मिमाइकिन. शेजारी आजारी पडला तर आपण फळे घेऊन जातो तसे. ज्याच्या आजाराशी आपला संबंध नाही त्यालाच हे देता येते. एका शब्दाने सहानुभूती दाखवली गेली आणि त्याच शब्दाने दोष नाकारला गेला. शब्दांचे काम करणारा म्हणून मी सांगतो, ह्याहून निर्दय शब्दयोजना मी क्वचितच पाहिली आहे. विषारी पाणी १९६८ पर्यंत वाहतच राहिले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सरकारने कारखान्याचे सांडपाणी हेच रोगाचे कारण असल्याचे मान्य केले, आणि मग अध्यक्ष युताका एगाशिरा रुग्णांच्या घरोघरी जाऊन लवले. पुढे १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो समाचाराचा करार नीतीला व सार्वजनिक व्यवस्थेला बाधक म्हणून रद्दबातल ठरवला.

मधल्या काळात, १९७० च्या नोव्हेंबरमध्ये, रुग्णांनी एकेक भाग विकत घेऊन ओसाका येथील भागधारकांच्या सभेत प्रवेश मिळवला. यात्रेकरूंची पांढरी वस्त्रे त्यांच्या अंगावर होती. एक स्त्री आपल्या आईवडिलांच्या नावांच्या स्मरणपट्ट्या घेऊन व्यासपीठावर चढली आणि अध्यक्षांच्या तोंडापुढे त्या धरून विचारू लागली, हे माझे आई आणि बाप दोघेही आहेत, तुम्हाला कळते का? दोन वर्षांपूर्वी अध्यक्ष घरोघर जाऊन लवले होते, तरीही तिला हे विचारावे लागले. ती नमनाने समाधान पावली नव्हती, कारण नमन कशाबद्दल ते कोणी सांगितलेच नव्हते. मांजर क्रमांक ४०० ची हकीकत डॉ. होसोकावा ह्यांनी न्यायालयाला सांगितली ती त्याच वर्षी, मृत्युशय्येवरून.

लाज चारचौघांच्या नजरेत जगते. नजर वळली की ती निवते. १९९६ च्या मार्चमध्ये मिदोरी जूजी ह्या औषध कंपनीच्या अधिकाऱ्यांनी कपाळ जमिनीला टेकून हिमोफिलियाच्या रुग्णांची क्षमा मागितली. त्यांच्या रक्तजन्य औषधांतून रुग्णांना एच.आय.व्ही.ची बाधा झाली होती. आपण ह्याला नाक घासणे म्हणू. परंतु दावा दाखल झाला होता १९८९ मध्ये. सात वर्षे कपाळ जमिनीपासून दूरच राहिले, आणि तडजोड समोर दिसू लागली तेव्हा ते टेकले.

लाजेला आणखी एक खोड आहे. ती पाण्यासारखी खाली वाहते. २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे पश्चिम जपान रेल्वेची गाडी वळणावर रुळांवरून घसरून एका इमारतीवर आदळली. १०६ प्रवासी आणि तेवीस वर्षांचा चालक मृत्यू पावले. आधीच्या स्थानकावर गाडी ७२ मीटर पुढे गेली होती आणि तिला सुमारे ऐंशी सेकंदांचा उशीर झाला होता. चौकशी आयोगाने २००७ च्या अहवालात कंपनीच्या 'निक्किन' शिक्षणाचा उल्लेख केला. चूक करणाऱ्या चालकाला गाडीवरून उतरवून दिवसेंदिवस पश्चात्तापाचे निबंध लिहायला लावायचे, असे त्याचे स्वरूप होते. ह्या चालकाने पूर्वी अशाच एका चुकीसाठी तेरा दिवस ते भोगलेले होते. वळण येत असताना त्याचे लक्ष गार्ड नियंत्रण कक्षाला काय कळवतो आहे तिकडे लागले असावे, असे आयोगाला वाटले. सक्तीच्या पश्चात्तापाचे भय एवढे, की ब्रेक लावायला उशीर झाला. अपघातानंतर कंपनीचे वरिष्ठ लवले, हे सांगायला नकोच.

लेवीयाच्या पुस्तकात एक शब्द आहे, 'आशाम'. मराठीत आपण त्याला दोषार्पण म्हणतो. ह्या एकाच इब्री शब्दात दोष आहे, दोषाची जाणीव आहे, आणि दोषापायी जे भरून द्यायचे तेही आहे. मराठीत ह्या तिन्ही गोष्टी एका शब्दात मावत नाहीत, आणि म्हणून वाचकाला हे केवळ आणखी एक अर्पण वाटते. पण विधी पाहावा. ज्याने शेजाऱ्याला फसवले त्याने, ज्या गोष्टीत पाप केले ती नाव घेऊन कबूल करायची. मूळ मालकाला ते पुरते परत करायचे, वर पंचमांश घालायचा. आणि हे अर्पणाच्या दिवशीच करायचे. चारचौघांचा येथे उल्लेखच नाही. आहे तो परमेश्वर, आणि ज्याचे नुकसान झाले तो मनुष्य. जक्कयाने पंचमांशावर न थांबता चौपट दिले. पलिष्ट्यांना कराराचा कोश परत पाठवताना कोणा इस्राएली याजकाने शिकवले नव्हते. तरी तो रिकामा पाठवू नये, त्याबरोबर आशाम पाठवावे, हे त्यांना कळले. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात परमेश्वराचा सेवक आपला प्राण देतो तेथे हाच शब्द आहे. निर्दोषाने इतरांचे वाहावे ही कल्पना आपल्या विश्वासाच्या गाभ्याची आहे, म्हणून नोझावांच्या अश्रूंना मी खोटे म्हणणार नाही. मात्र त्या अध्यायातही 'आमचे अपराध' हे शब्द उच्चारले जातात. ते वाहिले गेले म्हणून गाळले जात नाहीत.

पदत्यागाविषयीही येथेच बोलावे. जपानमध्ये जबाबदारी घेणे म्हणजे बहुधा पद सोडणे. पुष्कळदा तो प्रामाणिक असतो, पण त्यामुळे ज्याला प्रश्न विचारायचे तोच निघून जातो. यहूदाने तीस रुपये परत केले, निर्दोष रक्ताचा विश्वासघात केल्याचे कबूलही केले, आणि निघून गेला. मत्तय तेथे मनाला चुटपुट लागल्याचा शब्द वापरतो, मन पालटल्याचा नव्हे. पेत्र रडला आणि राहिला; त्याला समुद्रकिनारी तीनदा तोच प्रश्न ऐकावा लागला.

यामाइचीतही काही जण राहिले. पेढी बुडाली, सहकारी नव्या नोकऱ्या शोधून गेले, तरी मूठभर कर्मचारी मागे थांबून जुन्या वह्या आणि पत्रे चाळत बसले, आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला: तोटा कसा लपवला, कोणी ठरवले, कोणाला ठाऊक होते, नावानिशी. ह्या अहवालाची चित्रे जगभर दाखवली गेली नाहीत. जी पेढी उरलीच नव्हती तिच्या वतीने त्यांनी हे केले, आणि पापकबुलीचा इब्री शब्द मला नोझावांच्या रडण्यापेक्षा ह्या कंटाळवाण्या कागदांना अधिक लागू वाटतो.

जपानी मंडळीनेही एकदा असा कागद लिहिला. १९४१ मध्ये सरकारच्या दडपणाखाली तेथील तीसहून अधिक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र आणून 'निहोन किरिसुतो क्योदान' ही संयुक्त मंडळी स्थापन झाली. तिने युद्धाला पाठिंबा दिला. तिचे पहिले प्रमुख मित्सुरु तोमिता ह्यांनी त्याआधी, १९३८ मध्ये, कोरियात जाऊन शिंतो देवळापुढे नमन करणे ही उपासना नव्हे असे तेथील ख्रिस्ती बांधवांना पटवण्याचा प्रयत्न केला होता. ज्यांना ते पटले नाही त्यांतील पाळक जू की-चोल १९४४ मध्ये तुरुंगात मरण पावले. १९६७ च्या पुनरुत्थानदिनी प्रमुख मासाहिसा सुझुकी ह्यांच्या सहीने क्योदानने आपल्या युद्धकाळातील अपराधाची कबुली प्रसिद्ध केली. देवाची, आशियातील मंडळ्यांची आणि बांधवांची क्षमा मागितली. त्या कबुलीवर मंडळीतच वाद माजला. असा वाद नुसत्या लवण्याने माजत नाही. आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक वृत्तांतांत शेवटी एक वाक्य असते, नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व. ह्या वाक्यावर आजवर कोठे वाद झाल्याचे ऐकिवात नाही.

मिनामाताच्या कोळ्यांत मासातो ओगाता नावाचे एक गृहस्थ आहेत. ते सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील ह्या रोगाने गेले. मोठेपणी ते रुग्णांच्या लढ्याचे पुढारी झाले. न्यायालये, सचिवालये, कंपनीची कार्यालये त्यांनी पालथी घातली. त्यांना एक मनुष्य हवा होता, जो मनुष्य म्हणून त्यांच्यासमोर येऊन बोलेल. प्रत्येक वेळी भेटला तो कोणी तरी अधिकारी, जो पुढल्या वर्षी बदलून जाई. अर्ज, दाखले आणि भरपाईचे आकडे मात्र वाढत गेले. १९८५ मध्ये त्यांनी रुग्ण म्हणून मान्यता मिळावी ह्यासाठी केलेला आपला अर्ज मागे घेतला. आपण स्वतः चिस्सोच्या नोकरीत असतो तर वेगळे वागलो असतो काय, हा प्रश्न त्यांना पडला होता, आणि त्याचे उत्तर त्यांना छातीठोकपणे देता येईना. पुढे २००१ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थ, चिस्सो म्हणजे मीच होतो.

ज्याचा अपराध झाला त्याने दानीएलाप्रमाणे 'आम्ही' म्हणावे, हे माझ्या समजुतीच्या पलीकडचे आहे, आणि ते दुसऱ्या कोणा पीडिताकडून मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. कंपनीला तर मुळीच नाही. ओगाता ह्यांनी मग एक लाकडी होडी बांधून घेतली. १९८७ च्या डिसेंबरपासून ते आठवड्यातून एकदा तीतून समुद्रमार्गे मिनामाताला जात आणि कारखान्याच्या फाटकासमोर चटई टाकून बसत. मागणी काहीच नव्हती. पाळी बदलण्याच्या वेळी कामगार त्यांच्यासमोरून जात. काही जण मान वळवून पुढे जात, काही थांबून बोलत.